महेशच्या गाडीची दुसरी चावी

इथले बरेच अनुभव मी वाचते. खरं सांगू? टाइमपास म्हणून वाचते, आणि वाचता वाचता मनात एखादं सोपं कारण शोधून ठेवते. वारा असेल, दमलेलं डोकं असेल, नाहीतर सरळ थाप असेल. मी कर्जतच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. घरात कुणी अंगारे-धुपारे म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहायला बसताना मला थोडं ओशाळल्यासारखंच वाटतंय... पण रूपालीच म्हणाली, "लिवा ताई. कुनाला तरी ठाऊक असंल काय होतं ते." म्हणून लिहितेय. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

रूपाली ही माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, महेशची बायको. आमचं माहेर भिवपुरीजवळच्या एका गावात. स्लॅबचं घर, समोर अंगण, अंगणाच्या पुढे भाताची खाचरं आणि मागच्या बाजूने कालवा. मी लग्नानंतर दहिवलीत राहते, म्हणजे तशी हाकेच्या अंतरावर. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, ती कॉटवरच असते. तिचं सगळं रूपाली करते. महेश खोपोलीला एका कारखान्यात होता. शिफ्टच्या वेळा अडनिड्या, म्हणून त्याने एक सेकंडहँड पांढरी गाडी घेतली होती.

त्या गाडीला आधीच्या मालकाने बाहेरून सेंट्रल लॉक आणि भोंगा बसवून घेतला होता. रिमोटचं बटण दाबलं की लॉक होताना एकदा ‘टुक’ आणि उघडताना दोनदा ‘टुक टुक’. त्यातला दुसरा टुक बिघडलेला होता. घशात कफ अडकल्यासारखा बसका यायचा. आम्ही त्यावरून महेशला चिडवायचो. आई म्हणायची, "तुझ्या गाडीला पडसं झालंय रं." तो हसून म्हणायचा, "लांबून वळखू येतो ना आवाज? मग झालं."

आषाढात, भर पावसात, महेशने संध्याकाळी कंपनीतून रूपालीला फोन केला. "निघालो. ट्रॅफिक हाय, उशीर होईल. भाकरी नको टाकू, भात लाव." तो त्याचा शेवटचा फोन. त्यानंतर फोन बंद, गाडी नाही, महेश नाही. काहीच नाही.

आम्ही काय काय केलं ते सगळं लिहीत नाही. घाटातल्या दऱ्या बघून झाल्या, नदीकाठ झाला, पनवेलपर्यंतची हॉस्पिटलं झाली. फोनचं शेवटचं लोकेशन खोपोलीच्या टॉवरवर, आणि तो टॉवर अर्धा घाट कव्हर करतो म्हणे. पोलिसांनी सुरुवातीला धावपळ केली, मग त्यांच्या मागे दुसरी कामं लागली. आणि मग गावात बोलणं सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, तो लोणावळ्याला दिसला. कुणी म्हणालं, बाई होती बरोबर. माणूस मेला तर लोक दारात येऊन बसतात हो... पण माणूस नुसता नाहीसा झाला की दारावरून जाताना आवाज खाली करतात. रूपाली पाण्याला गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. कुंकू लावलं तरी बघायच्या, नाही लावलं तरी बघायच्या.

वांगणीहून तिचे वडील आले. आईच्या कॉटशेजारी बसून म्हणाले, "आमची पोरगी आमी घेऊन जातो. तुमचा मुलगा मन मानंल तवा येईल." आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रूपाली म्हणाली, "बाबा, ते पळून गेले नाय. मला कळल्याबिगर मी हितून हलनार नाय." वडील चिडून निघून गेले. जाताना दसऱ्याला परत येतो आणि तेव्हा ऐकून घेणार नाही, असं बजावून गेले.

गणपती झाले. आमच्याकडे त्या वर्षी बसवलाच नाही. त्यानंतर खालापूरहून हवालदारांचा फोन आला. एका बंद ढाब्यामागे पांढरी गाडी सापडलीय, मॉडेल तेच आहे. नंबरप्लेट काढून नेलेल्या, चॅसी नंबर घासलेला. दाराच्या कुलपात कुणीतरी काडी मोडून ठेवलीय, त्यामुळे चावी आत जात नाही. "दुसरी चावी असेल ना मॅडम तुमच्याकडे? रिमोट चालू करून आणा. उघडली तर तुमची."

दुसरी चावी आईच्या कपाटात होती. पण तिचा रिमोट महेशने गाडी घेतल्यापासून कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे तो मेलेला. मी कर्जतच्या बाजारात घड्याळवाल्याकडून तो नाण्याएवढा गोल सेल घेतला आणि रविवारी आमचे हे आणि मी आमच्या गाडीने गावी गेलो. अंगणात चिखल होता म्हणून गाडी चावडीपाशीच लावली.

दुपारची जेवणं झाली होती. ऊन होतं, स्वच्छ. हे बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते, आई कॉटवर, रूपाली मागच्या मोरीत भांडी घासत होती. मी माजघरात खाली बसून मोबाइलवर व्हिडिओ लावला. चावीच्या कडेला बारीक खाच असते, तिच्यात नाणं घालून पिळायचं. पहिल्यांदा नाणं सटकलं आणि नखाला लागलं. दुसऱ्यांदा ‘टक्’ करून चावीचे दोन भाग झाले. आत हिरवी पट्टी, त्यावर जुना सेल. नेलकटरच्या टोकाने तो उचलला. पट्टीला थोडी हिरवट बुरशी होती, ती पदराने पुसली. नवा सेल बसवला आणि दोन्ही भाग दाबून बंद केले.

चालतो का बघावं म्हणून बटण दाबलं. बारका लाल दिवा लागला... आणि अंगणातून आवाज आला.

टुक... टुक.

दुसरा बसका.

मी जागच्या जागी बसून राहिले. मला पहिल्यांदा काही विचित्रसुद्धा वाटलं नाही. बटण दाबलं, गाडी वाजली, इतकंच. मग मागच्या मोरीत भांडं आदळलं आणि रूपाली धावत आली. कोपरापर्यंत साबणाचा फेस, पदर खोचलेला. माझ्याकडे न बघता माजघर ओलांडून ती थेट दारात गेली. "आले! ताई, आले हे!"

तिचा तो चेहरा मला कधी विसरता येणार नाही.

अंगण रिकामं होतं. पलीकडे रस्ता रिकामा होता. ह्यांनी पेपर खाली ठेवला होता आणि तेही इकडे तिकडे बघत होते. "कुणाची गाडी वाजली?" त्यांनीच विचारलं. आमच्या गाडीला असला भोंगा नाही. शेजारी फक्त एक टेंपो असतो, आणि तो त्या दिवशी भाजी घेऊन वाशीला गेलेला.

आतून आई म्हणाली, "म्हेश आला का गं? गाडी वाजली त्याची."

मी पुन्हा बटण दाबलं. का दाबलं, माहीत नाही... बहुतेक पहिला आवाज खोटा ठरवायला. पुन्हा तोच आवाज आला. ह्यावेळी अंगणातून नाही, लांबून, खाचरांच्या पलीकडून, खोपोलीच्या बाजूने. ह्यांनी ऐकला. रूपालीने ऐकला. आम्ही तिघं उन्हात उभे आणि भातावरून वारा जातोय. तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा काहीच आलं नाही.

"गावात कुणाकडे तरी तसलाच भोंगा असेल," हे म्हणाले. मीही मान हलवली. एका कंपनीचे हजार भोंगे असतात.  रूपालीने हात धुतले, साडी बदलली आणि म्हणाली, "मी पन येते खालापूरला." शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलं आणि आम्ही निघालो.

खालापूरला ती गाडी बघितल्याबरोबर रूपालीने मान हलवली. "ही नाय." हवालदार म्हणाले, दाबून तर बघा. दाबलं. गाडी ढिम्म. सीटची कव्हरं वेगळी, मागच्या काचेवरचा महेशचा स्टिकर नाही. आमची नव्हतीच. हवालदारांनी हात झटकले. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

परत येताना चावी रूपालीच्या हातात होती. मागच्या सीटवर खिडकीपाशी बसून ती मधून मधून बटण दाबत होती. हे आरशातून बघत होते, मला खूण करत होते की घे तिच्याकडून. मी म्हटलं, "रूपाली, पुरे गं. सेल संपेल."

"संपू दे."

खोपोली मागे पडली. पळसदरीच्या अलीकडे मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं आणि गाड्या खोळंबल्या होत्या. ह्यांनी वैतागून गाडी डावीकडच्या आतल्या रस्त्याला घातली. त्या रस्त्याला दोन्हीकडे रान आणि एका वळणावर जुनी, बंद पडलेली दगडखाण आहे. खाण म्हणजे आता तळंच. कडेला कठडा नाही, नुसते चुना फासलेले दगड.

उन्हं उतरली होती, पण उजेड चांगला होता. रूपालीने बटण दाबलं.

टुक... टुक.

इतका जवळून, की ह्यांनी ब्रेक मारला.  तिघेही खाली उतरलो. रस्त्यावर मागेपुढे एकही गाडी नव्हती. रूपालीने पुन्हा दाबलं. आणि ह्यावेळी आवाज कुठून येतोय याबद्दल शंकाच राहिली नाही. तो खालून येत होता. पाण्यातून आवाज येतो तसा दबका नाही... स्वच्छ. अंगणात गाडी लावली की यायचा तसा.

खाणीचं पाणी हिरवंगार, वर शेवाळाची साय, त्यावर एक सुरकुती नाही. रूपाली म्हणते, तिला पाण्याखाली इंडिकेटरसारखा पिवळा उजेड दोनदा लागून विझताना दिसला. मी पाहिला नाही. जे पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही.

ह्यांनी मात्र डोकं शांत ठेवलं. कडेने चालत जाऊन वेली बाजूला करून बघितलं. चुना फासलेला एक दगड मुळापासून उखडून आडवा पडला होता आणि शेजारच्या दगडावर घासल्याचा पांढरा पट्टा होता. चुन्याचा नव्हे, चकचकीत. गाडीच्या रंगाचा. पावसात रान माजलेलं, त्यामुळे रस्त्यावरून काही दिसायची सोयच नव्हती. ह्यांनी तिथूनच हवालदारांना फोन लावला. त्या पट्ट्याचं सांगितलं. आवाजाचं सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले, क्रेन आली, आणि खोपोलीची बचावकार्य करणारी स्वयंसेवक मंडळी आली. त्यांच्यात पाण्यात उतरणारा एक दाढीवाला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस होता. सगळे त्याला दादा म्हणत होते. मी रूपालीला घरी थांब म्हटलं होतं. ती थांबली नाही. काठावर एका दगडावर बसली, मूठ मांडीवर ठेवून. मुठीत चावी.

दादा पाठीला नळकांडं बांधून खाली गेले. बराच वेळ नुसते बुडबुडे. मग वर आले, मास्क काढला, श्वास घेतला, आणि रूपाली तिथे बसलीय हे त्यांच्या लक्षात न येता हवालदारांना म्हणाले,

"गाडी हाय, सायेब. आत मानूस हाय. पट्टा लावलेला. चारी दारं लॉक हायत, सगळी वढून बघितली. काच फोडायला लागंल. हातोडी द्या."

मी ह्यांच्याकडे वळले. ह्यांनी मला धरलं. म्हणून त्या क्षणी माझं रूपालीकडे लक्ष नव्हतं. ह्यांनी पाहिलं. ती दगडावरून उठली, पाण्याच्या अगदी कडेला गेली, हात पुढे केला आणि बटण दाबलं. एकदाच.

ह्यावेळी आवाज आला नाही. पण पाण्याच्या मधोमध मोठा बुडबुड्यांचा लोट वर आला. शेवाळ फाटलं, आणि खालचं काळं पाणी दिसलं.  कुणीतरी म्हणालं, गाडी सरकली असेल.

दादा हातोडी घेऊन परत खाली गेले आणि लगेच वर आले. हातोडी कमरेला तशीच. त्यांनी मास्क काढला, तोंडावरून हात फिरवला.

"दार उघडं हाय," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या बाजूचं. सताड."

"मघाशी लॉक होतं म्हणालात?" हवालदार.

"आईशप्पथ सायेब. दोन्ही पाय दाराला लावून वढलं होतं मी."

महेशला त्यांनी तसंच वर आणलं. त्याच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. पाकिटातलं ओळखपत्र आणि हातातलं कडं, यावरून ओळख पटली. नंतर क्रेनने गाडी काढली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशीचं आहे हे, फार वेळ लागला नसेल. मी विचारलं, "फार म्हणजे किती?" त्यांनी वर न बघता कागद पुढे केला.

तोही त्या संध्याकाळी ट्रॅफिक टाळायला त्या आतल्या रस्त्याला वळला असणार, पावसात वळण दिसलं नसणार, एवढं सगळ्यांना पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नाही. गावात दुसऱ्या दिवसापासून लोक दारात येऊन बसायला लागले. लोणावळ्याला दिसला म्हणणारेही येऊन बसले. रूपालीचे वडील आले, आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. पोरीला घेऊन जायचं काही बोलले नाहीत. रूपाली अजून आईजवळच आहे.

आता माझं सांगते. दिवस-कार्य झाल्यावर मी पोलिसांच्या आवारात जाऊन गाडी बघितली. ओळखीचा एक मेकॅनिक बरोबर नेला होता. बॉनेट चेपलेलं, बॅटरी फुटलेली, तिच्यात गाळ. भोंग्याची डबी त्याने उघडून दाखवली. आत चिखल आणि गंजून भुगा झालेल्या तारा. "ताई, ही गाडी पाण्यात पडल्यावर तासाभरात मेली असंल," तो म्हणाला. दारांची मोटर? तीही जाम. मी विचारलं, दार आपोआप कसं उघडलं? तो म्हणाला, आतला-बाहेरचा दाब कमी-जास्त झाला असेल, आणि माझ्या नजरेला नजर न देता हात पुसत राहिला. इतके दिवस पाण्यात राहिलेल्या गाडीत कसला दाब उरतो, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

त्या रिमोटची रेंज आमच्या गल्लीच्या टोकापर्यंतही नाही. गाव ते खाण म्हणजे गाडीने चांगला अर्ध्या तासाचा रस्ता. असला सिग्नल एवढ्या पाण्यातून खाली जात नाही. गेला असं धरलं, तरी ऐकणारी वस्तू मेलेली होती. मला भास झाला म्हणावं तर ह्यांनी ऐकलं, रूपालीने ऐकलं, कॉटवरच्या आईने ऐकलं. योगायोग म्हणावं तर दादांचं ते दार राहतं. मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला, मला उत्तर सापडलं नाही. इथे रेडिओ, इलेक्ट्रॉनिक्स कळणारे लोक आहेत. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. पटलं तर मला बरंच वाटेल.

एक गोष्ट मी रूपालीला बरेच दिवस विचारली नव्हती. मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. ती तांदूळ निवडत बसली होती, आई झोपली होती. मी विचारलं, "त्या दिवशी काठावर तू बटण का दाबलंस गं? तुला काय वाटलं होतं?"

तिने सुपातून मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलंय.

"ते दादा म्हनाले ना, दारं लॉक हायत," ती म्हणाली. "मग उघडायला नको, ताई?"